मुलाखतीला बोलावतात, पण जागा आधीच भरलेली असते

रानजाई (धागाकर्ती)

परवा माझी अकरावी मुलाखत झाली. अनुदानित वरिष्ठ महाविद्यालय, सहायक प्राध्यापक, वनस्पतिशास्त्र, एक जागा. मी सेट (प्राध्यापकपदाची राज्य पात्रता परीक्षा) उत्तीर्ण आहे, पीएचडी झाली आहे आणि आठ वर्षं तासिका तत्त्वावर शिकवते. जिल्हा आणि संस्था सांगत नाही, कारण त्याच भागात मला पुन्हा अर्ज करायचे आहेत.

रात्रीच्या एसटीनं निघाले, पहाटे पाचला पोचले. स्टँडवरच्या महिलांच्या खोलीत साडी बदलली आणि फाईल छातीशी धरून सात वाजेपर्यंत बसून राहिले. कॉलेजवर आम्ही एकोणीस जण होतो. व्हरांड्यात खुर्च्या बारा, बाकीचे जिन्यावर. साडेदहाच्या सुमाराला शिपाई आला आणि एका उमेदवाराला म्हणाला, "दादा, इथं ऊन लागतंय, आत ऑफिसात बसा." नाव विचारलं नाही, यादी बघितली नाही. माझ्या शेजारी सोलापूरकडच्या एक मॅडम होत्या, कडेवर दीड वर्षाचं मूल. त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "ठिकाण त्यांचं झालंय. पाहुणे आहेत सचिवांचे."

माझा नंबर सातवा. गाव कोणतं, मिस्टर काय करतात, इकडं राहायला याल का, हे आधी झालं. मग विषयतज्ज्ञांनी सी-फोर वनस्पतींबद्दल, म्हणजे मक्यासारख्या वेगळ्या पद्धतीनं प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या वनस्पतींबद्दल विचारलं. मी उठून फळ्यावर पानाचा छेद काढायला घेतला, मक्याचा. वाहिन्यांच्या जुडग्याभोवतीच्या आवरणाच्या पेशी काढून होईपर्यंत अध्यक्ष म्हणाले, "ठीक आहे, बसा." सगळं मिळून सहा मिनिटं.

बाहेर पडताना हजेरीपटावर सही घेतात. मी वाकले तेव्हा शेजारी ठेवलेला दुसरा कागद दिसला. आमची एकोणीस नावं आणि पुढं गुणांचे रकाने. ते भरलेले होते, शिसपेन्सिलीनं. माझ्यानंतर अजून बारा जण आत जायचे होते, आणि एकोणिसाव्या नावापुढंही आकडा होता.

दुसऱ्याला जागा मिळाली याचं दुःख मी पचवू शकते. माझ्याहून चांगला शिकवणारा असेल तर त्याला मिळायलाच हवी. पण मला रात्रभर प्रवास करून फक्त त्या हजेरीपटावर सही करायला बोलावलं होतं. आम्ही अठरा जण नसतो तर त्या एकाची निवड कागदावर उभी राहिली नसती. हे मनातून जात नाही.

एक गोष्ट लपवत नाही. माझं पहिलं तासिकेचं काम मला माझ्या एमएस्सीच्या मॅडमनी शब्द टाकला म्हणून मिळालं होतं. त्यांनी मला दोन वर्षं प्रयोगशाळेत पाहिलं होतं. मग तोही वशिलाच का? रेष कुठं मारायची? आणि त्या पेन्सिलीच्या कागदाचं काही करता येतं का? जाणकारांनी सांगावं.

---

शेवटचा_बाक

माझी चौदावी झाली. शिपाई सोडला तर सगळं तंतोतंत तसंच.

---

पाटीपेन्सिल

ताई, मी निवृत्त प्राध्यापक आहे. विषयतज्ज्ञ म्हणून किमान तीस निवड समित्यांवर बसलो असेन. पेन्सिलीचं सांगतो, कारण ते मी स्वतः पाहिलं आहे आणि काही वेळा त्यावर सहीही केली आहे.

सकाळी प्राचार्यांच्या केबिनमध्ये चहा होतो. तिथंच कुणीतरी सांगतं, "सर, आपला अमुक नंबरचा उमेदवार आहे, हुशार आहे, जरा बघा." गुणतक्ता आधीच तयार असतो किंवा कोरा असतो. पेन्सिलीनं यासाठी की एखाद्या तज्ज्ञानं फारच ताणून धरलं तर आकडे हलवता यावेत. संध्याकाळी जेवणानंतर शाई फिरते. मी दोनदा सही नाकारली. त्यानंतर त्या भागातून मला बोलावणंच बंद झालं. उरलेल्या वेळी मी सही केली, आणि त्यातल्या काही मुलामुलींचे चेहरे मला अजून आठवतात.

हे इतकं सोपं का झालं, तेही समजून घ्या. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१० च्या नियमावलीत निवडीचे भाग पाडलेले होते: शैक्षणिक कामगिरी आणि संशोधनाला ५० टक्के, विषयज्ञान आणि अध्यापनकौशल्याला ३०, मुलाखतीला २०. म्हणजे पहिला निम्मा भाग कागदपत्रांवर ठरायचा, त्यात हात घालणं अवघड होतं. २०१८ च्या नियमावलीत ते गुण फक्त मुलाखतीला कुणाला बोलवायचं यापुरते राहिले आणि अंतिम निवड संपूर्णपणे मुलाखतीवर आली. तुमची पीएचडी, सेट, शोधनिबंध, आठ वर्षांचं शिकवणं हे सगळं व्हरांड्यापर्यंत. आतल्या खोलीत सगळे शून्यावर.

आणि आत कोण बसतं? अध्यक्षपदी संस्थेचा माणूस. प्राचार्य संस्थेचे. विभागप्रमुख संस्थेचा. बाहेरून आलेले तज्ज्ञ असतात, पण त्यांची परतीची गाडी संस्थेनं ठरवलेली असते.

---

हिंजवडी_फेज३

खाजगी क्षेत्रातलं सांगतो. आमच्याकडं निम्मी भरती रेफरलनं होते आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. मी कुणाचं नाव सुचवलं तर माझं नाव पणाला लागतं. कोडिंगची परीक्षा, तांत्रिक फेऱ्या सगळ्यांना सारख्याच. मागच्या वर्षी माझ्या सख्ख्या मावसभावाचा बायोडेटा मीच टाकला होता, दुसऱ्या फेरीत गेला बाहेर. मावशी अजून नीट बोलत नाही.

रानजाई ताई, तुमच्या मॅडमनी केलं ते हेच. काम पाहिलेल्या माणसानं दिलेला शब्द. माझ्या मते रेष इथं आहे: शब्द टाकणारा उमेदवाराचं काम ओळखतो की त्याचा बाप ओळखतो?

---

पैनगंगा

@हिंजवडी_फेज३, दादा, तुमची रेष पटली, पण अर्धीच. परीक्षा सारखी असेल, पण परीक्षेच्या दारापर्यंत कोण पोचतं? मी उमरखेडकडची. आमच्या बॅचमधल्या एकाही मुलीच्या नात्यात, शेजारात, गावात आयटीतला माणूस नव्हता. माझा बायोडेटा टाकणारं कोण होतं? संकेतस्थळावरून दीडशे अर्ज केले, उत्तरं चार आली. नंतर पुण्यात पीजीवर राहायला लागले, रूममेटच्या ओळखीनं एक रेफरल मिळालं आणि तीन आठवड्यांत नोकरी लागली. माझं ज्ञान त्या तीन आठवड्यांत वाढलं नव्हतं.

आणि रानजाई ताईंना विचारलेला "गाव कोणतं, मिस्टर काय करतात" हा प्रश्न वरवर साधा वाटतो. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास वाचा. वर्तमानपत्रातल्या खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी तोडीस तोड पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावाआडनावाचा. दलित आणि मुस्लिम नावांना बोलावणं येण्याचं प्रमाण उच्चवर्णीय हिंदू नावांपेक्षा कमी निघालं. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी एचआर व्यवस्थापकांशी बोलून लिहिलं, त्यात हे लोक मुलाखतीत घरची पार्श्वभूमी आवर्जून विचारतात असं आलं आहे. तोंडानं सगळे गुणवत्ता म्हणतात आणि मग वडील काय करतात ते विचारतात. ज्याच्या वडिलांचं उत्तर "शेतमजूर" आहे त्यानं त्या खोलीत काय करायचं?

तेव्हा "आपला माणूस" हा शब्द मला कुठंही दिसला की मी आधी बघते, त्या "आपल्या"त कोण मावत नाही.

---

चाकण_दुसरी_पाळी

आमच्याकडं शब्दबिब्द नाही. चिठ्ठी. लेबर कंत्राट ज्याच्याकडं, त्या दादाची चिठ्ठी असली तर गेटवर घेतात. आयटीआयचे मार्क कुणी बघितले नाहीत माझे. सात महिन्यांनी ब्रेक, मग परत चिठ्ठी.

---

कोरडवाहू

दोन दिवस हा धागा वाचतोय. लिहू की नको असं चाललं होतं.

मी पैसे भरून लागलो. अनुदानित माध्यमिक शाळा. आकडा लिहीत नाही. वडिलांनी विहिरीजवळचं दोन एकर विकलं, थोडे मामांनी दिले, उरलेले व्याजानं. रक्कम देताना वडिलांनी पिशवी टेबलावर ठेवली. समोरच्या माणसानं ती उघडूनही बघितली नाही, पायानं टेबलाखाली सरकवली. वडिलांनी आयुष्यभर त्या जमिनीत घाम गाळला होता. तो पाय मी विसरलो नाही.

लोकांना वाटतं पैसे भरले, नोकरी लागली, सुटला. तसं नसतं. नेमणुकीला शिक्षण खात्याची मान्यता यायला चार वर्षं गेली, तोवर बिनपगारी. पगार सुरू झाल्यावर व्याज फेडण्यात सहा वर्षं गेली. अध्यक्षांच्या वाढदिवसाला वर्गणी. निवडणूक आली की आम्ही सगळे शिक्षक घरोघर चिठ्ठ्या वाटायला. एकदा नाही म्हणालो तर तीस किलोमीटरवरच्या शाखेत बदली.

मी चांगला शिकवतो. दहावीचा माझा गणिताचा निकाल कुणीही बघावा. पण वर्गात एखादं पोरगं म्हणतं, "सर, मला तुमच्यासारखं मास्तर व्हायचंय," तेव्हा मी विषय बदलतो. रानजाई ताई, त्या दिवशी व्हरांड्यात तुमच्यासारखं कुणीतरी बसलेलं असणार. मी बघितलं नाही, मला आत बसवलं होतं.

---

रानजाई

@कोरडवाहू, दादा, तुम्ही लिहिलंत त्याबद्दल मनापासून धन्यवाद. मला त्या आत बसलेल्या मुलाचा खूप राग आला होता. आता त्याच्या वडिलांचा विचार मनात येतोय. राग गेलेला नाही, पण तो कुणावर धरायचा ते जरा स्पष्ट झालं.

---

जावक_रजिस्टर

मी एका संस्थेच्या कार्यालयात वीस वर्षं लिपिक आहे. संस्थाचालकांची बाजू घ्यायची नाही, पण पैसा का मागितला जातो ते सांगतो. मान्य पदाचा पगार शासन देतं. इमारत, वीज, बाकडी, प्रयोगशाळेचं सामान हे संस्थेनं बघायचं. वेतनेतर अनुदान वेळेवर आणि पुरेसं आलंय असं मी फार कमी वेळा पाहिलंय. फी वाढवता येत नाही. मग संस्थेच्या हातात विकण्यासारखी एकच वस्तू उरते, ती म्हणजे जागा. सुरुवातीला खरोखर खोल्या बांधायला देणगी घेतली जायची, त्याची पावतीही मिळायची. नंतर पावती बंद झाली आणि खोल्याही.

भरतीबंदीनंही वाढवलं हे सगळं. २ मे २०१२ चा शासन निर्णय आला आणि पदं भरणं थांबलं. पदं थांबली, पण माणसं घेणं थांबलं नाही. मागच्या तारखा टाकून नेमणुका दाखवायचे प्रकार किती झाले ते शिक्षण खात्याच्या चौकश्यांतून बाहेर आलंच. २०२५ मध्ये नागपूरला शालार्थ आयडीचं (शासनाच्या पगार प्रणालीतल्या शिक्षकाच्या क्रमांकाचं) प्रकरण निघालं, बनावट नेमणुकांवर सरकारी तिजोरीतून पगार. अधिकाऱ्यांना अटक झाली. जागा जितक्या कमी, तितका एकेका जागेचा भाव जास्त.

---

पैनगंगा

@जावक_रजिस्टर, काका, कारण समजलं. पण शासनानं वीजबिल दिलं नाही म्हणून कोरडवाहू दादांच्या वडिलांनी विहिरीजवळची जमीन विकायची, हा हिशोब मला कुठल्याच बाजूनं लागत नाही.

---

झेडपी_गुरुजी

थोडी दुसरी बाजू. मी फेब्रुवारी २०२४ च्या पवित्र पोर्टलच्या, म्हणजे शासनाच्या ऑनलाइन शिक्षकभरतीच्या यादीतला. त्या वेळी ११ हजारांहून जास्त नावं लागली. एक रुपया दिला नाही, कुणाचा फोन नाही. २०० गुणांची अभियोग्यता चाचणी, त्या गुणांवर यादी, समुपदेशनात जागा निवडली आणि डोंगरातल्या शाळेत हजर झालो. मानधन १६,००० आहे, कमीच आहे, पण ताठ मानेनं घेतो. माझे वडील हमाल आहेत.

पोर्टल परिपूर्ण नाही. पहिली चाचणी डिसेंबर २०१७ ला आणि दुसरी थेट २०२३ ला, मधल्या काळात कितीतरी जणांचं वय निघून गेलं. टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) घोटाळाही विसरलेलो नाही. २०१९-२० च्या परीक्षेतले ७,८०० हून जास्त उमेदवार पुढं अपात्र ठरवले गेले. म्हणजे लेखी परीक्षा आली की वशिला संपला असं नाही, तो परीक्षेच्या सर्व्हरपर्यंत जातो. तरीही लेखीत चोरी झाली तर ती पकडता येते, तिथं उत्तरपत्रिका असते. सहा मिनिटांच्या मुलाखतीत काय पकडणार?

खाजगी संस्थांना पवित्रमधूनच "मुलाखतीसह" असा पर्याय आहे. तिथं एका जागेला तीन उमेदवार पाठवतात आणि संस्था ३० गुणांची मुलाखत घेते. माझा मित्र तशा यादीत पहिला होता. संस्थेतून फोन आला, "कधी भेटायला येताय?" तो गेला नाही. निवड तिसऱ्याची झाली. केंद्र सरकारनं १ जानेवारी २०१६ पासून कनिष्ठ पदांच्या मुलाखतीच बंद केल्या. शिक्षकाची पाठ घेण्याची हातोटी पाहायला हवी हे मलाही मान्य आहे, पण मग तो पाठ चित्रित करा आणि जपून ठेवा.

---

मांडवीकाठ

आमच्या गोव्यात नोकरी म्हटली की लोक आधी आमदाराचं दार गाठतात. सकाळी अंगणात रांग असते, हातात मुलाचे दाखले. २०२४ च्या शेवटी नोकऱ्यांसाठी पैसे घेतल्याची प्रकरणं एकामागून एक उघडकीला आली, अटका झाल्या. त्यात कित्येकांचे पैसेही गेले आणि नोकरीही नाही. खरं तर २०१९ च्या कायद्यानं कर्मचारी भरती आयोग झालाय, संगणकावर परीक्षा होते. तरी लोकांचा परीक्षेपेक्षा दलालावर विश्वास जास्त, कारण तीन पिढ्या त्यांनी तेच पाहिलंय. माझ्या आत्याचे दागिने असेच गेले. ती पोलिसांत जायला तयार नाही. म्हणते, "दिले ते मीच ना."

---

ऱ्हाईनकाठी

जर्मनीत ओळखीला गमतीनं "व्हिटॅमिन बी" म्हणतात, बेत्सिउंगेन म्हणजे संबंध. इथंही चालतं. पण मला तीन वेळा नकार आला आणि तिन्ही वेळा लेखी आला, आणि स्वतःच्या गाडीभाड्याचे पैसे परत मिळाले. मुलाखतीला बोलावणाऱ्यानं प्रवासखर्च द्यायचा हा इथला सर्वसाधारण नियम आहे. तेवढं एक आपल्याकडं आलं तरी एकोणीस जणांना उगाच बोलावताना संस्था दोनदा विचार करेल.

---

टिपणी

उशिरा आलो. रानजाई, तुमचा शेवटचा प्रश्न होता की काही करता येतं का. करता येतं.

अनुदानित महाविद्यालय माहिती अधिकार कायद्याखाली येतं. प्राचार्यांच्या कार्यालयात जनमाहिती अधिकारी असतो. साध्या कागदावर अर्ज, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट. तक्रार लिहू नका, "का केलं" विचारू नका. कागद मागा: मंजूर बिंदुनामावली (आरक्षणानुसार जागांचा तक्ता), जाहिरातीचं कात्रण, निवड समितीच्या सदस्यांची यादी, हजेरीपट, सर्व उमेदवारांच्या मुलाखतीच्या गुणांचा तक्ता, इतिवृत्त. तसाच अर्ज विद्यापीठाच्या मान्यता विभागाला आणि उच्च शिक्षण सहसंचालकांच्या कार्यालयालाही द्या. एकाकडं "सापडत नाही" झालं तर दुसऱ्याकडं प्रत असते. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील.

"इतरांचे गुण ही त्यांची खाजगी माहिती आहे" असं उत्तर येईल, ठरलेलं आहे. त्यावर नोव्हेंबर २०२४ चा मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल जोडा. पुणे जिल्हा न्यायालयातल्या कनिष्ठ लिपिक भरतीत एका उमेदवारानं इतरांचे लेखी, टंकलेखन आणि मुलाखतीचे गुण मागितले होते, नकार मिळाला होता. उच्च न्यायालयानं तो नकार रद्द करून गुण द्यायला सांगितलं. सार्वजनिक भरतीतले गुण झाकून ठेवायची गोष्ट नाही, असा त्याचा रोख आहे.

निवड रद्द होईल असं आश्वासन मी देत नाही. त्यासाठी उच्च न्यायालयात याचिका लागते, खर्च आणि वर्षं दोन्ही जातात. पण अर्ज गेला की पुढच्या वेळी कागद पेन्सिलीनं भरताना हात जरा थबकतो, हे मी तीन ठिकाणी पाहिलं आहे.

---

शेवटचा_बाक

आणि मग त्या भागात पुन्हा कुणी मुलाखतीला बोलावलं नाही तर? ताईंनी पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय ते.

---

टिपणी

खरं आहे. म्हणून एकटीनं करू नये. त्या दिवशीचे निदान तीन-चार जण मिळाले तर प्रत्येकानं एकेका कार्यालयात अर्ज द्यावा.

---

पाटीपेन्सिल

माझं तर आता कुणी काही बिघडवू शकत नाही, पेन्शन चालू आहे. रानजाई ताई, संस्थेचं नाव मला व्यक्तिगत निरोपात कळवा. एक अर्ज माझ्या नावानं जाईल. माहिती मागायला उमेदवार असावं लागत नाही, नागरिक असलं की पुरे. ज्या तक्त्यांवर मी सह्या केल्या त्याचं काही करता येणार नाही, पण एवढं करता येईल.

---

रानजाई

सर, निरोप पाठवला आहे. व्हरांड्यातल्या सोलापूरच्या मॅडमचा नंबर मी घेऊन ठेवला होता. त्यांना फोन केला, बाळ मागं रडत होतं. त्या म्हणाल्या, "मी सहसंचालकांकडं देते, माझं माहेर तिथंच आहे." अजून एक जण विद्यापीठात देणार आहे. मी आज कॉलेजच्या पत्त्यावर अर्ज पाठवला, स्पीड पोस्टानं.

---

टिपणी

पोचपावती जोडूनच पाठवलीत ना? आणि अर्जाची झेरॉक्स स्वतःकडं ठेवा, प्रत्येक पानावर तारीख घालून. तीस दिवस अर्ज तिथं पोचल्यापासून मोजायचे.

---

रानजाई

हो, जोडली आहे. तारीख आत्ता घातली, शाईनं.